अर्धेमामांचा चोर

विनाकारण हसवणाऱ्या माणसाचा मला पहिल्यापासून संशय येतो. भाजीवाला गोड बोलायला लागला की माझी नजर काट्यावर जाते. सूनबाई हसून "आई, तुम्ही बसा, मी बघते" म्हणाली की काय फुटलंय ते बघायला मी स्वयंपाकघरात जाते, आणि बहुतेक वेळा काहीतरी फुटलेलं असतंच. त्यामुळे पित्ताच्या पिशवीत खडे झाले म्हणून मला दवाखान्यात भरती केलं, आणि पहिल्याच सकाळी एक हडकुळा, लांब मानेचा माणूस रिकामी ट्रॉली ढकलत बायकांच्या वॉर्डात शिरला, आणि कण्हणाऱ्या बायकासुद्धा उशीला टेकून उठून बसल्या, तेव्हा मी आधी काय केलं, तर माझी पिशवी उशीखाली सरकवली.

त्यांना सगळे अर्धेमामा म्हणत. दवाखान्यात ट्रॉली ढकलणाऱ्याला मामा म्हणतातच. 'अर्धे' कशासाठी ते मला शेजारच्या खाटेवरच्या शिवणवालीनं सांगितलं. ही बाई घरी कपडे शिवायची. गर्भपिशवी काढायला आली होती, पण टाक्यांची खरी गरज तिच्या तोंडाला होती.

"मावशी, मामा ऑपरेशनला नेताना गोष्ट सांगतात. पण दारापर्यंत अर्धीच. उरलेली परत आल्यावर."

"का म्हणून?"

"का म्हणजे? गंमत."

"गमतीसाठी कुणी अर्धं काम करत नाही. अर्धं ठेवतो त्याला काहीतरी हातात ठेवायचं असतं."

"मावशी, तुम्ही पोलिसात होता का?"

"नाही. मी सासू आहे."

ती हसली. मी काही विनोद केला नव्हता.

त्या दिवसापासून मी डोळ्यांत तेल घालून त्या माणसावर नजर ठेवली. दवाखान्यात दुसरं काम तरी काय असतं? तर माझ्या असं लक्षात आलं की ज्या बाईचं ऑपरेशन असेल तिच्या नातेवाइकांना हा आदल्या दिवशी बाहेर, पाण्याच्या पिंपापाशी गाठतो. कानात कुजबुजतो, मान डोलवतो, नातेवाईक ओशाळून हसतात, की हा परत जागेवर. दुसरं म्हणजे हा दिवसातून बऱ्याचदा चादरींच्या खोलीत जातो. जाताना वाकून जातो. आत बराच वेळ असतो. आणि बाहेर येतो तेव्हा सदऱ्याखाली, कमरेच्या खालच्या अंगाला काहीतरी फुगलेलं असतं आणि त्यावर याचा हात असतो. कुणी समोर आलं की हात पटकन सुटतो आणि तोंडावर हसू येतं.

मी शिवणवालीला म्हटलं, "हा चादरी नेतो."

"एवढीशी चादर? सदऱ्यात?"

"मग पट्ट्या. कापूस. काय मिळेल ते."

"मावशी, कापूस चोरून काय करणार, गादी?"

"हळूहळू होते गादी," मी म्हटलं.

शिवणवालीचा नंबर माझ्या आधी लागला. मामा ट्रॉली घेऊन आले. बाई एवढी बडबडी, पण त्या सकाळी तिचे ओठ पांढरे पडले होते. तिनं नवऱ्याचा हात असा धरला होता की त्याचीच बोटं काढायची वेळ आली असती. मामांनी तिला ट्रॉलीवर घेतलं, पांघरूण नीट केलं आणि चाक अडकलंय म्हणून माझ्या खाटेपाशीच थांबले. चाक अडकलेलं नव्हतं. मी बघत होते.

"ताई, एक माणूस शिंप्याकडे गेला," मामा म्हणाले. "म्हणाला, मला कोट शिवून द्या, पण असा शिवा की तो नवा आहे हे माझ्या बायकोच्या लक्षातच येता कामा नये. शिंपी म्हणाला, जमेल. अंगातला जुना कोट मापाला ठेवून जा. आठवड्यानं गिऱ्हाईक आलं. शिंप्यानं कोट पुढं केला. गिऱ्हाईक कोट बघतंय, शिंप्याकडे बघतंय, परत कोटाकडे बघतंय..."

"मग?" शिवणवाली म्हणाली.

"मग काय, आलं की दार."

दार कुठलं यायला, अख्खा व्हरांडा बाकी होता. पण ती बाई मान उंच करून "अहो सांगा ना, शिंप्यानं काय केलं? उलटं शिवलं का? अस्तर बाहेर काढलं का?" असं विचारत गेली. नवऱ्याचा हात केव्हा सुटला तिला कळलं नाही. नवरा बिचारा मोकळ्या हाताकडे बघत उभा राहिला.

दुपारी तिला परत आणलं. डोळे अर्धवट उघडले, तोंडाला कोरड, आणि पहिला शब्द काय, तर "मग?" पाणी नाही, आई गं नाही. मामांनी तिच्या हातात एक छोटी उशी दिली, टाक्यांवर दाबून धरायला सांगितली, आणि मग म्हणाले, "शिंप्यानं त्याचा जुनाच कोट इस्त्री करून दिला. म्हणाला, साहेब, नवा आहे हे आता बायकोलाच काय, तुम्हालाही ओळखू येणार नाही."

ती बाई उशी दाबून हसायला लागली. हसली की दुखायचं, दुखलं की रडायची, रडताना कोट आठवला की परत हसायची. सिस्टर धावत आली. मला वाटलं आता मामांना चांगलं झापणार. तर ती म्हणाली, "हसू दे. खोल श्वास तरी घेतला जातोय. नुसतं सांगून कुणी घेत नाही."

म्हणजे सिस्टरही सामील! माझा संशय आणखी वाढला.

त्याच संध्याकाळी मी पाहिलं, पाण्याच्या पिंपापाशी मामा आणि माझा थोरला. सूनबाईही होती. मामा कुजबुजले, सूनबाई हाताचे हावभाव करून काहीतरी सांगत होती, आणि थोरला खाली बघत होता. आत आल्यावर मी विचारलं, "काय म्हणत होता तो?"

"काही नाही, आई."

काही नाही म्हणताना या मुलाचे कान लाल होतात, अगदी पाळण्यात असल्यापासून. त्या संध्याकाळी ते टोमॅटोसारखे होते. मी समजायचं ते समजले. खडे नाहीत, दुसरंच काहीतरी आहे. हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि म्हातारीला हसत हसत पाठवा असं ठरलंय. डॉक्टर सुईनं भूल देतात, हा माणूस त्याच्या आधी तोंडानं देतो, एवढाच फरक. मी ठरवलं, काही झालं तरी हसायचं नाही. शुद्धीत जायचं.

माझ्या ऑपरेशनच्या सकाळी मामा आले. मी दात घट्ट मिटून ट्रॉलीवर पडले. ते काहीच बोलेनात. व्हरांड्यात चाक कुरकुरत होतं, छतावरचे दिवे एकेक करून मागं जात होते, आणि हा माणूस गप्प. हसवायच्याही पलीकडे गेलं की काय माझं?

"मामा," मी म्हटलं, "माझं काय ते खरं सांगा."

"सांगू का? ऐकवेल?"

"ऐकवेल."

"एक आजी होत्या," मामा म्हणाले. "त्यांचा कुलपावर विश्वास नव्हता. कुठं जायचं झालं की कुलूप लावायच्या, तीन वेळा ओढून बघायच्या, चार पावलं जाऊन परत येऊन ओढायच्या."

ही मीच! सूनबाईनं पिंपापाशी हेच हातानं करून दाखवलं होतं तर.

"एकदा त्यांना बाहेर जायचं होतं. कुलूप लावलं. पण कुलपाचा काय भरवसा? म्हणून त्याच्यावर लक्ष ठेवायला आजोबांना पायरीवर बसवलं. आजोबांचा काय भरवसा, डुलकी लागली तर? म्हणून आजोबांवर लक्ष ठेवायला शेजारणीला बसवलं. मग आजींच्या मनात आलं, आजोबा आणि शेजारीण, दोघंच?"

"बाई गं," माझ्या तोंडून गेलं.

"म्हणून आजी स्वतःच झाडामागं लपून बसल्या. बाहेर जाणं राहिलं बाजूला. असे सगळे दाराकडे डोळे लावून बसलेत, आणि खरंच चोर आला! आजोबांनी बघितलं, शेजारणीनं बघितलं, आजींनी बघितलं. चोर सरळ दारापाशी गेला, आणि..."

"आणि?"

"आलं दार," मामा म्हणाले. या वेळी खरंच आलं होतं.

आत थंडगार होतं. सगळ्यांची तोंडं झाकलेली, एकाचाही चेहरा दिसत नाही, अशा ठिकाणी माझ्यासारखीनं किती संशय घ्यावेत! पण मी नुसती चोराचाच विचार करत राहिले. तिघं बघत असताना हा दारापाशी जातोच कसा? आजोबा सामील असतील. मी भूल देणाऱ्या बाईंना विचारलं, "चोरानं काय केलं असेल हो?" त्या म्हणाल्या, "आजी, मामा आम्हालाही सांगत नाहीत. घ्या लांब श्वास." मी श्वास घेतला. घाबरायचं राहूनच गेलं.

जाग आली तेव्हा पोटात आगीचा गोळा होता आणि थोरला पायाशी उभा होता. म्हणाला, "आई, खडेच होते. दुसरं काही नाही." त्याचे कान पांढरे होते. मी ते नीट बघून घेतलं आणि मग डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी मामा छोटी उशी घेऊन आले. "आजी, उशी धरा. चोर दारापाशी गेला, आणि..."

तेवढ्यात त्यांचं वाक्य तुटलं. चेहरा एकदम राखेसारखा झाला. हात सदऱ्याखालच्या त्या फुगवट्यावर गेला, दुसऱ्या हातानं त्यांनी माझ्या खाटेची दांडी धरली. मी इतकी जवळून बघत होते की चोराला निसटायला जागाच नव्हती.

"काय लपवलंय?" मी म्हटलं.

"काही नाही, आजी."

"सदरा वर करा."

"आजी, चारचौघांत?"

"मी तीन मुलं वाढवलीयत. लाजू नका, नाहीतर सिस्टरला हाक मारते."

त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि सदऱ्याचं टोक जरा उचललं. आत एक रुंद, मळकट पट्टा होता, आणि पट्ट्याच्या वर, जांघेपाशी, लिंबाएवढी गाठ.

"हर्निया आहे," ते हळूच म्हणाले. "आतडं खाली उतरतं. चादरींच्या खोलीत जातो, उताणा पडतो, हातानं आत ढकलतो, पट्टा आवळतो. ट्रॉली ढकलून ढकलून झालंय. झाले बरेच दिवस."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"डॉक्टरांना कुठं माहीत आहे? कळलं तर धरतील आणि आत नेतील." ते खाटेच्या कडेवर टेकले. "बायकोलाही सांगितलेलं नाही."

मला हसू यावं की राग, कळेना. जन्मभर लोकांना त्या दारातून आत सोडणारा माणूस स्वतः त्या दाराला भितो!

मग त्यांनीच सांगितलं. नोकरीला लागले तेव्हा त्यांना व्हरांड्यातून जायचीच धास्ती वाटायची. पहिल्यांदा एका म्हाताऱ्या लोहाराला नेत होते. स्वतःची भीती जावी म्हणून काहीतरी बडबडत गोष्ट सांगायला लागले, आणि गोष्ट अर्धी झाली तोवर दार आलं. लोहार उठून बसला. म्हणे, शेवट ऐकल्याशिवाय आत जाणार नाही. तेव्हाचे मोठे डॉक्टर भडकले, "परत आल्यावर ऐक!" म्हणून ओरडले. लोहार शुद्धीवर आला तो "मग?" म्हणत. तेव्हापासून तेच चाललंय.

"आणि जे परत येत नाहीत?" मी विचारलं.

मामांच्या तोंडावरचं हसू गेलं. पहिल्यांदाच मी तो चेहरा हसण्यावाचून बघितला. साधा, दमलेला चेहरा होता.

"त्यांच्या अर्ध्या गोष्टी माझ्याकडेच राहतात," ते म्हणाले. "ती गोष्ट मी परत कुणाला सांगत नाही. आजी, मला त्या दारातून किती जण परत आले ते आठवत नाही. न आलेले आठवतात."

ते उठले, सदरा सारखा केला. "जाऊ द्या. तर चोर दारापाशी गेला..."

मी कानांवर हात ठेवले. "मला नाही ऐकायचं."

"अहो आजी, तुमची अर्धी गोष्ट उरलीय."

"तुम्ही आत जाऊन या. परत आल्यावर ऐकीन."

मामा हादरले. मला वाटलं नव्हतं एवढे हादरले. "असं करू नका. परत आलेल्या माणसाची अर्धी गोष्ट माझ्याकडे कधी राहिलेली नाही. बरं नाही ते."

"मग जा आत."

मी सिस्टरला सांगितलं नाही. त्याचा मला आजही पक्का भरवसा वाटत नाही, सांगायला हवं होतं की नव्हतं. पण पुढचे दिवस मोठी धमाल झाली. मामा माझ्या खाटेजवळून जाताना छताकडे बघत "चोर म्हणाला" एवढं पुटपुटायचे, की मी मोठ्यानं खोकायला लागायची, टाके दुखले तरी. एकदा त्यांनी शिवणवालीला फितवलं. ती गोड आवाजात "मावशी, एक गंमत सांगू?" म्हणाली, तेव्हाच मी ओळखलं.

"त्यांनी पाठवलंय ना?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"तू विचारून कधी बोलतेस?"

घरी जायच्या आदल्या दिवशी सकाळी मी व्हरांड्यात भिंत धरून चालायचा सराव करत होते, पोटावर छोटी उशी. समोरून मामा रिकामी ट्रॉली घेऊन येत होते. मला बघून त्यांनी "चोर..." म्हणायला तोंड उघडलं आणि ट्रॉलीच्या दांडीवरच वाकले. पोट धरून खाली बसले, ओकारी आली. गाठ हातानं आत जाईना. दगडासारखी झाली होती.

मी जन्मात एवढ्या मोठ्यानं ओरडले नव्हते. सिस्टर आली, डॉक्टर आले, गाठ दाबून बघितली आणि डॉक्टरांचा चेहरा बदलला. आतडं पिळलं गेलंय, ताबडतोब घ्यायचं, थांबलं तर आत सडेल, असं काहीतरी ते भराभर बोलले. मामांना त्यांच्याच ट्रॉलीवर घातलं. ढकलायला धुलाईखात्यातला एक जाडा गडी धरून आणला. मामांचे डोळे छताला लागले होते, ओठ शिवणवालीसारखे पांढरे. त्यांनी हात बाहेर काढून माझ्या शालीचं टोक पकडलं.

"आजी, दारापर्यंत चला. काहीतरी सांगा."

मला एकही विनोद येत नाही. खरं सांगते, येत असता तर तेव्हा आठवला नसता. पोटावर उशी दाबून मी ट्रॉलीबरोबर निघाले, आणि माझ्या मनात जे चाललं होतं तेच तोंडातून बाहेर पडायला लागलं.

"मला संशय आहे," मी म्हटलं, "तुम्ही हे मुद्दाम केलंत. मी उद्या घरी चालले, म्हणून."

मामांनी मान वळवली.

"आणि हा ढकलणारा. हा धुलाईखात्यातला आहे. बघा हं, सवयीनं न्यायचा तुम्हाला धुवायला. इस्त्री होऊन आलात तर बायकोला ओळखू यायचं नाही."

गडी म्हणाला, "अहो आजी, मला रस्ता माहीत आहे."

"माहीत आहे म्हणणाऱ्यांवर तर माझा मुळीच विश्वास नाही. आणि हे डॉक्टर! अजून मिसरूड फुटलेलं नाही. यांच्या आईला माहीत आहे का, मुलगा सुऱ्या घेऊन कुठं जातो ते?"

डॉक्टर म्हणाले, "आजी, माहीत आहे."

"तिला खोटं सांगितलं असेल."

मामांच्या नाकातून एक आवाज आला. मला वाटलं कळ आली. ते हसत होते. कण्हत होते आणि हसत होते, "आजी, पुरे, दुखतंय" म्हणत होते, आणि माझ्या शालीवरची मूठ सैल झाली होती.

दार आलं. मी म्हटलं, "चोर तुमच्याकडे आहे. पळून जायला बघाल तर याद राखा."

दार मिटलं. त्यांच्या बायकोला निरोप गेला. मी समोरच्या बाकावर बसले. सिस्टरनं खाटेवर जायला सांगितलं, मी गेले नाही. आतून कुणीही बाहेर आलं की मी त्याचा चेहरा बघायची, चेहऱ्यावरून कळेना तर चालणं बघायची. एक जण फार घाईत गेला, मला तो आवडला नाही. एक जण फार सावकाश गेला, तोही आवडला नाही. मामांची बायको येऊन शेजारी बसली. बाई मनाची घट्ट होती, रडली नाही. म्हणाली, "मला सांगितलं का नाही यांनी?" मी म्हटलं, "नवरे असेच. मी पहिल्यापासून संशय घेते." आम्ही दोघी दाराकडे डोळे लावून बसलो. एका क्षणी वाटलं, आता झाडामागं एक जण बसायचा तेवढा राहिलाय.

डॉक्टर बाहेर आले, तोंडावरची पट्टी खाली केली. "वेळेत घेतलं. आतडं वाचलं," म्हणाले. मी त्यांचे कान बघितले. पांढरे होते.

दुसऱ्या दिवशी घरी जाण्याआधी थोरल्याच्या हाताला धरून मी पुरुषांच्या वॉर्डात गेले. मामा उताणे पडले होते, आणखीच हडकुळे दिसत होते. मी माझी छोटी उशी त्यांच्या टाक्यांवर ठेवली. माझ्यासाठी शेजारच्या खाटेवरची मोठी उचलली. त्या माणसाला विचारलं नाही, तो झोपला होता.

"मग?" मी म्हटलं.

मामांनी डोळे उघडले. आवाज अगदी बारीक होता. "चोर दारापाशी गेला. कुलूप बघितलं. मग मागं वळून म्हणाला, आजी, या बाहेर झाडामागून. किल्ली आत राहिली ना? सरका, मी उघडून देतो. त्यानं तारेनं कुलूप उघडलं. आजींना इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की त्यांनी त्याला आत बसवून चहा पाजला..." मामा थांबले, उशी दाबली. "आणि जाताना त्याचे खिसे तपासून बघितले."

मी उशी दाबून धरली, तरी टाके ओढलेच. थोरला बाजूला तोंड करून हसत होता. कान लाल.

हसणं ओसरल्यावर मामा म्हणाले, "आजी, आता तरी माझ्यावर विश्वास बसला का?"

"ते राहू द्या," मी म्हटलं. "उशी धरा. आणि आधी मला सांगा, किल्ली आत राहिलीच कशी? आजोबांनी मुद्दाम ठेवली असणार. त्या शेजारणीशी चार घटका बोलत बसता यावं म्हणून."

मामा असे हसले की शेजारचा झोपलेला माणूस जागा झाला, आणि त्यानं सगळ्यात आधी विचारलं, "माझी उशी कुणी नेली?"